न झालेला आवाज

भिंगारच्या आमच्या बेकरीत साळवेमामा कामावर आले की आधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक भट्टीच्या गॅस व्हॉल्व्हवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग आम्हा पॅकिंगच्या बायकांना निकाल सांगतात, "तब्येत बरी हाय."

व्हॉल्व्ह म्हणजे मुठीएवढा पितळी ठोकळा, त्यावर तारेची गुंडाळी. मी नवी असताना मामांनी एक जुना उघडून दाखवला होता. गुंडाळीत वीज आली की तिचं चुंबक होतं, आतली लोखंडी दांडी वर ओढली जाते आणि गॅसला वाट मिळते. वीज गेली की स्प्रिंग दांडीला खाली दाबते. टक. वाट बंद.

"कुनी सांगायला लागत न्हाई त्याला," मामा म्हणाले. "ज्यानं हे शोधून काढलं ना ताई, त्याच्या आईला माझा दंडवत."

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली. पंखे थांबले, आम्ही पदरानं वारा घेत बसलो. मामा चहाचा कप धरून तसेच उभे.

"टक आला न्हाई," ते म्हणाले.

भट्टीच्या काचेत पाहिलं तर निळी ज्योत तशीच जळत होती. मामांनी कप ठेवला, पाईपवरचा हातानं फिरवायचा कॉक बंद केला आणि आवाज न चढवता म्हणाले, "समद्यांनी भायेर चला."

नंतर त्यांनी तळहातावर गंजाचा एक कण दाखवला, मोहरीपेक्षा लहान. दांडीखाली तोच अडकला होता. न झालेला आवाज ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नानकटाई घेऊन त्यांच्या घरी गेले. मार्थामामींनी थोड्याच वेळात माझं नाव तीनदा विचारलं. त्यांनी चहा केला, कप घेऊन बाहेर आल्या. मागे शेगडी तशीच पेटलेली मला दिसत होती. मी उठणार, तोच मामांनी बोलता बोलता भिंतीवरचं एक बटन दाबलं. स्वयंपाकघरात सिलिंडरच्या नळीवर तसाच पितळी ठोकळा होता. ज्योत विझली.

"गॅस बंद केला हं मी," मामी म्हणाल्या.

"व्हय, बघितलं मी," मामा म्हणाले.

चहा झाल्यावर ते रिकामे कप उचलून आत गेले आणि मामींकडे पाठ करून त्यांनी शेगडीचा उघडाच राहिलेला कान हळूच फिरवला.