नलूआत्यांचा दुसरा हेडफोन

नलूआत्यांनी आधी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि नाव मागाहून विचारलं.

समीरची बँकेतली बदली झाली आणि आम्ही पुण्याहून भोपाळला आलो, तो पहिलाच दिवस. नेहरू नगरातल्या भाड्याच्या घरासमोर ट्रक उभा होता. मी फाटकात, हातात गॅसचा रेग्युलेटर, आणि डोक्यात एकच चिंता: लोणच्याच्या बरण्यांचं खोकं कुठल्या कपाटाखाली गेलं? तेवढ्यात जिन्यावरून एक बाई उतरल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज आणि खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक जुना मोबाइल काढला, मग एक दुतोंडी वायर, मग दोन चांगले जाडजूड हेडफोन. एक रुमालानं पुसून माझ्या डोक्यावर घातला, दुसरा स्वतःच्या.

"तीन मिनट द्या मला," त्या म्हणाल्या. "चौथ्याला काढून टाका. मी नाराज नाही होणार."

कानात घर्रर्र सुरू झालं. मधेच एक 'टक्'. पुन्हा घर्रर्र. समोर दोन हमाल सोफा उचलून उभे होते आणि त्यांचे ओठ 'मॅडम, किधर?' असे हलताना मला दिसत होते. मी आपली ऐकतेय. तीन मिनिटांनी बाईंनी विचारलं, "काय दिसलं?"

आवडलं का, असं नाही. काय दिसलं!

"फ्रिज," मी म्हणाले. आमचा फ्रिज ट्रकात आडवा पडला होता आणि मला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "फ्रिजच आहे! चाळीस मिनटांचा आहे! कॅनडातल्या एका माणसानं केलाय. आजपर्यंत कोणी ओळखला नाही वं बाई. मागच्या भाडेकरूला तर विमान दिसलं होतं." मग सोफ्याकडे वळून हमालांना, "अरे भैया, ऐसे क्यूँ खड़े हो? अंदर रखो!"

या आमच्या घरमालकीण, नलिनी पुसदकर. मध्य प्रदेश हे राज्य नवं झालं तेव्हा यांचे वडील सरकारी फायलींबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. नलूआत्यांनी जन्मभर एका सरकारी खात्यात टायपिस्टचं काम केलं. लग्न केलं नाही. भावाची मुलं 'आत्या' म्हणायची, म्हणून कॉलनीही म्हणायला लागली. भाऊ पुढे नागपूरला गेला, मुलं आणखी लांब गेली, आत्या मात्र राहिल्या. त्यांची मराठी ही नागपूरची, भोपाळच्या हिंदीत चांगली घोळलेली. माझी पुणेरी मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तू बोलून राहिली की मला वाटतं, रेडिओ लागला."

आत्यांना छंद होता तो जगातलं विचित्र संगीत शोधायचा. त्या त्याला 'प्रयोगवालं' म्हणत. शोधायची त्यांची रीत साधी होती. सकाळी पोहे झाले की त्या मोबाइल घेऊन बसायच्या आणि एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं खाली खाली उतरत जायच्या, ऐकणाऱ्यांचा आकडा शंभराच्या आत येईपर्यंत. "ज्याला लाख लोकांनी ऐकलं, त्याला माझी काय गरज?" असं त्यांचं म्हणणं. तिथं त्यांना काय काय सापडायचं! बर्फाची तुतारी वाजवणारा नॉर्वेचा गृहस्थ. एकच सूर तासभर धरणारी अकॉर्डियनवाली. ढणढणाटी रॉकमध्ये सनई घुसवणारी कुठली तरी टोळी. आणि बुंदेलखंडातल्या बायकांची जात्यावरची गाणी कोणीतरी इतकी संथ केलेली, की एक ओवी संपेपर्यंत आपल्या भाताला तीन शिट्या व्हाव्यात.

आवडलं की त्या कलाकाराला लिहायच्याही. टायपिस्टचा हात, स्पेलिंगची एक चूक नाही. एकदा फिनलंडच्या एका संगीतकाराला त्यांनी विचारलं, "व्हेरी नाइस. व्हॉट इज दॅट टकटक आफ्टर सिक्स मिनिट्स?" त्याचं उत्तर आलं, की ते संगीत नाही, घरातला हीटर आहे, माफ करा. आत्यांनी उलट लिहिलं, "प्लीज डू नॉट रिपेअर."

पण सापडलेलं एकटीनं ऐकायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून ती दुतोंडी वायर आणि दुसरा हेडफोन. भाजीवाला, डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेले पेशंट, सिटी बसमधली शेजारची बाई, कोणीही चालायचं. 'तीन मिनट द्या', मग 'काय दिसलं?'. भाजीवाल्यानं एकदा डोळे मिटून सांगितलं, "अम्मा की सिलाई मशीन." आत्या आठवडाभर तेच सगळ्यांना सांगत होत्या. शेजारच्या कोटरा वस्तीतल्या दवाखान्यात एका आजोबांना मात्र काहीच दिसलं नाही. "मोतियाबिंद है," ते म्हणाले.

गणपतीत आमच्या मंडळानं त्यांना दहा मिनिटं दिली होती. अध्यक्ष दांडेकर हे नाट्यसंगीताचे कट्टर भक्त, पण मंडपाचा वीजजोड आत्यांच्या घरून घेतलेला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आत्यांनी बंदरातल्या साखळ्यांचं संगीत लावलं. पहिल्या मिनिटाला मुलं रडली. दुसऱ्याला साउंडवाला स्पीकर फुटला समजून धावत आला. आत्या त्याच्यापुढे हात आडवा धरून उभ्या. साडेतीन मिनिटांनी दांडेकरांनी स्वतः वायर ओढली. परत येताना, बाईंना वाईट वाटलं असणार म्हणून, मी त्यांची पिशवी माझ्याकडे घेतली. त्या मला म्हणाल्या, "साडेतीन मिनटं ऐकलं गं सगळ्यांनी! अर्धं जास्तच!"

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

आईंनी पुण्यात तीस वर्षं गाणं शिकवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आता स्वतः क्लास घेतात. वर्षापूर्वी त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. जिवावरचं टळलं, पण आवाज गेला. अगदी गेला असं नाही. उरला तो खरखरीत, मधेच तुटणारा, पत्र्यावरून खुर्ची ओढावी तसा. आईंनी क्लास बंद केला, तंबोरे गवसणीत घातले आणि जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. हबीबगंजला गाडीतून उतरल्या तेव्हा (स्टेशनचं नाव बदललं, पण आत्यांच्या नादानं आम्हीही हबीबगंजच म्हणतो) रिक्षात गाणं चालू होतं. आईंनी नुसता माझ्याकडे पाहून हात हलवला. मी रिक्षावाल्याला ते बंद करायला लावलं.

घरी आल्या आल्या मी वर जाऊन आत्यांना बजावलं. "आत्या, आईंसमोर ते हेडफोन नकोत. त्यांना कुठलंच संगीत सहन होत नाही सध्या."

"बिलकुल नाही," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं, जरा जास्तच चटकन म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस मी वेगळ्याच आत्या पाहिल्या. कोथिंबीर द्यायला यायच्या, खुर्चीच्या कडेला टेकायच्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. आईंनी काही विचारलं की "हो ताई", "नाही ताई". बसमध्ये अनोळखी बायकांच्या डोक्याला हात घालणारी ही बाई आईंसमोर पहिलीतल्या मुलीसारखी बसायची. मी समजले, माझ्या बजावण्याचा परिणाम.

नवव्या दिवशी दुपारी आईंनीच विचारलं, "त्या पिशवीत काय असतं हो तुमच्या?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. "गाणं नाही ताई ते," आत्या म्हणाल्या. "असंच काहीबाही आवाज."

"गाणं नाही ना? मग द्या."

आत्यांनी मोबाइल काढला आणि कधी नव्हे ते बराच वेळ शोधत बसल्या. मग लावलं. मला काही ऐकू येत नव्हतं, दोघींचे चेहरे तेवढे दिसत होते. तीन मिनिटं झाली. आईंनी हेडफोन काढला नाही. पाच झाली, आठ झाली. आईंचा हात नकळत गळ्यावरच्या व्रणाकडे गेला. अकराव्या मिनिटाला त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ही कोण बाई?" त्यांनी विचारलं. "हिचंही ऑपरेशन झालंय का?"

मागाहून मी ते ऐकलं. कुठल्याशा देशातल्या एका बाईनं नुसता गळा वाजवला होता. श्वास, घोगरेपणा, फाटलेले सूर, खोकला, सगळं तसंच ठेवलेलं.

"माहीत नाही ताई," आत्या म्हणाल्या. "पण लाजली नाही बाप्पा."

आई हसल्या. वर्षभरानं मी त्यांचं हसणं ऐकत होते, आणि तेही खरखरीतच होतं.

मग रोज दुपारी चारची बैठक ठरून गेली. आमच्या दिवाणावर दोघी शेजारी, मधे वाटीभर शेंगदाणे, दोन डोक्यांवर दोन हेडफोन. आईंच्यातली मास्तरीण जागी झाली. बर्फाच्या तुतारीवर त्या म्हणाल्या, "दम चांगला आहे, पण घाई करतो." कारखान्याच्या भोंग्यांवर कोणी काही रचलं होतं, त्यावर, "षड्ज बघा कसा धरलाय त्या गिरणीनं! माझ्या मुलींना दोन वर्षांत जमला नव्हता." फ्रिज मात्र त्यांनी साफ नापास केला. समीर ऑफिसातून आला की त्याला दोन पानांचं वर्णन ऐकवायच्या, त्याच तुटक्या आवाजात, न थांबता. तो आत येऊन मला हळूच म्हणाला, "आई बोलतेय."

एके दिवशी आईंनी सहज विचारलं, "नलूताई, तुम्ही गाता का हो?"

आत्यांनी हेडफोन काढला, वायर गुंडाळली, पिशवीत घातली. "गॅसवर दूध आहे," म्हणाल्या आणि गेल्या. दोन दिवस त्या खाली उतरल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. आत्या खिडकीशी मेथी निवडत होत्या. दुधाचं काही बोलल्या नाहीत.

"आमच्या घरी सगळे गायचे," मेथीकडे बघतच त्या म्हणाल्या. "बाबा शिकवायचे. भाऊ गायचा, दोघी चुलत बहिणी गायच्या. गणपतीच्या स्पर्धेत आमचं समूहगीत असायचं. मी दहाची असेन. बाबा म्हणाले, नलू, तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव. रागावून नाही म्हटलं हं. प्रेमानं म्हटलं. बक्षीस होतं ना." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "सहा वर्षं हलवले. लोक म्हणायचे, पुसदकरांच्या सगळ्याच पोरी गोड गातात. मंग सवयच झाली. आरती असो, कोणाचा वाढदिवस असो, ऑफिसात जन-गण-मन असो, मी नुसते ओठ हलवते. कोणाला पत्ता नाही."

मी समोर बसून मेथीची एक जुडी ओढून घेतली.

"जाणकार लोक बसले की मला धडकी भरते. कुठं 'वा' म्हणायचं, ते त्यांना ठाऊक असतं. मी उशिरा म्हणते. या प्रयोगवाल्यात तसं नाही गं. तो भाजीवाला आणि मी, दोघंही सारखेच अडाणी. बाजूला बसून ऐकता येतं." मग जराशा हसल्या. "एकटीनं लावलं ना, तर मलाही तो नुसता आवाजच वाटतो."

खाली येऊन मी आईंना हे सांगितलं. चहाडी केल्यासारखं वाटत होतं, पण सांगितलं. त्या उठल्या. शाल घेतली, चपला घातल्या, आणि डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलेलं असताना कठडा धरून एकेक पायरी वर गेल्या.

थोड्या वेळानं मी चहाचा ट्रे घेऊन मागोमाग गेले. दार लोटलेलं होतं. आतून आईंचा खरखरीत आवाज आला, "सा लावा."

"ताई, माझा लागत नाही हो."

"माझा तरी कुठं लागतो आता? लावा."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना. मग एक आवाज आला. आधी बारीक, दारामागून कोणी डोकावावं तसा. मग एकदम मोठा, त्यांनाही अंदाज नसावा इतका मोठा. खिडकीतली कबुतरं फडफडत उडाली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो सा नव्हता, एवढं मलाही कळलं.

"बरोबर आला का, ताई?"

"नाही," आई म्हणाल्या. "परत."

यावर आत दोघी इतक्या हसल्या, की आईंना ठसका लागला. मग पुन्हा सूर लागला, या वेळी दोन आवाजांत, एक फाटका आणि एक कोरा. मी ट्रे दाराशी पायरीवर ठेवला आणि आवाज न करता खाली आले.