खड्ड्याच्या कडेची फट

"ओढ," वेंडेलिन कुजबुजला.

"ओढतेच आहे," गुडरुनही कुजबुजली. "तूच येत नाहीयेस."

शनिवारची दुपार होती, सव्वा वाजला होता. बागेच्या मधोमध, टोमॅटो आणि नवलकोल यांच्या दरम्यान, दातांचे डॉक्टर वेंडेलिन क्राट्झर कमरेपर्यंत जमिनीत पुरलेले होते. डावा हात पाठीमागे बांधलेला, उजव्या हातात लाकडी सोटा आणि तोंडावर तलवारबाजीचा जाळीचा मुखवटा. समोर त्यांची बायको एक लांब पायमोजा धरून उभी. मोज्याच्या टोकाला नवलकोल. मुळात तिथे धोंडा हवा होता. पण इतक्या अस्सलपणाला गुडरुनने नकार दिला होता.

वेंडेलिनचा क्लब दर गुरुवारी एका शाळेच्या व्यायामशाळेत जमून पाचशे वर्षांपूर्वीच्या पोथीबरहुकूम तलवारी चालवत असे. निदान ठरले तसे होते. प्रत्यक्षात अर्धा तास तलवारी चालत आणि उरलेला वेळ तोंडे. पोथीच्या एका पानावर नवराबायकोच्या द्वंद्वाचे चित्र होते. नवऱ्याने कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून सोट्याने लढायचे आणि बायकोने बाहेर मोकळे फिरून कापडात बांधलेल्या धोंड्याने. वेंडेलिनचे म्हणणे, चित्रात माती नवऱ्याच्या अंगाला घट्ट लागलेली आहे, म्हणजे खड्ड्याच्या कडेला फट नव्हती. लॅटिन शिकवणाऱ्या आइलर्टचे म्हणणे, फट असलीच पाहिजे, चित्रकार आळशी होता. या फटीवरून क्लबात दोन तट पडले होते, एक लग्न मोडता मोडता राहिले होते, आणि उद्या सकाळी दहा वाजता वार्षिक सभेत दोघेही आपापली बाजू मांडणार होते. सभेपूर्वी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे, असे वेंडेलिनच्या मनाने घेतले. फट राहू नये म्हणून त्याने भोवतीची चिकणमाती झारीने पाणी घालून बसवून घेतली. ती फारच छान बसली.

"जरा जोरात ओढ की."

"हळू बोल! एक ते तीन शांततेची वेळ आहे. पोगलनी ऐकलं तर?"

गुडरुनचा जीव टांगणीला लागला होता तो नवऱ्यासाठी नव्हे. भाड्याने मिळणाऱ्या या बागांच्या तुकड्यांसाठी गावात लोक म्हातारे होईपर्यंत थांबत. तिनेही यादीत नाव घालून नऊ वर्षे काढली होती, घराच्या खिडकीत दह्याच्या डब्यांतून रोपे वाढवत. कुंपण चार बोटे उंच झाले म्हणून एक नोटीस आधीच आलेली होती. दुसरी आली की तुकडा गेला.

तेवढ्यात पायवाटेवरची खडी वाजली. बागमंडळाचे अध्यक्ष फेरीला निघाले होते. त्यांना सगळे हेर पोगल म्हणत. जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. पण पोगल यांच्या बाबतीत मराठी अर्थ घेतला तरी बिघडत नव्हते.

"हलू नकोस," असे म्हणून गुडरुनने आपली गवती टोपी वेंडेलिनच्या डोक्यावर दाबली.

"हे काय नवीन?" फाटकातून आत येत पोगल म्हणाले.

"बुजगावणं. पाखरं टोमॅटो फोडतात हो."

पोगल यांनी खिशातून टेप काढून मातीपासून टोपीपर्यंत माप घेतले. "उंचीत बसतंय. पण हलतंय."

"वारा आहे ना."

"वारा नाहीये."

"म्हणजे बघा, किती हलकं केलंय."

पोगल यांना हे पटले असते असे नाही. पण पटवून घेण्याच्या बेतात ते होते. एवढ्यात फाटकाशी आइलर्ट उगवला, काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी घेऊन.

"गुडरुन, वेंडेलिन कुठाय?"

"असेल इथंच कुठेतरी," गुडरुन म्हणाली. खोटे बोलणे तिला जमत नसे.

"त्याला म्हणावं, उद्या उगाच शोभा करून घेऊ नकोस. भाषण मागे घे. अजून वेळ गेलेली नाही."

"गुंडाळीत काय आहे?" पोगल यांनी विचारले. कागद दिसला की तो पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

झाले. आइलर्टने चित्र उलगडले. "हे बघा. हा नवरा, ही बायको, हा खड्डा. आता नीट लक्ष द्या. नवऱ्याचा उजवा हात पाठीमागे बांधलेला आहे, त्यामुळे..."

"डावा!" बुजगावणे म्हणाले.

गुडरुनने डोळे मिटले. आणखी दोन मिनिटे तोंड बंद राहिले असते, तर दोघेही पाहुणे आपल्या वाटेने गेले असते. पण पोथीतला मजकूर कोणी चुकीचा सांगितला, तर वेंडेलिन दात उपटता उपटता थांबत असे; हे तिने दवाखान्यात डोळ्यांनी पाहिले होते.

"चित्रातला उजवा वेगळा आणि माणसाचा उजवा वेगळा!" बुजगावणे पुढे म्हणाले. "एवढं शेंबड्या पोराला कळतं, आइलर्ट!"

"वेंडेलिन? तू आत आहेस?"

"आवाज!" पोगल म्हणाले. "तीन वाजले नाहीत अजून."

त्यामुळे पुढचे सगळे भांडण कुजबुजीत झाले. पोगल यांनी कोटातून नियमांचे पुस्तक काढले. क्लबातल्या मंडळींचे पोथीशी जे नाते, तेच त्यांचे या पुस्तकाशी होते.

"कलम चौदा. फावड्याच्या पात्याहून खोल खड्डा घेण्यास मनाई."

"हेर पोगल, आधीच एक नोटीस..."

"माहीत आहे. मीच लिहिली होती." पोगल गुडघ्यांवर बसले आणि वेंडेलिनच्या कमरेभोवती बोट फिरवू लागले. बराच वेळ फिरवले. "पण खड्डा आहे कुठे? खड्डा म्हणजे रिकामी जागा. इथे रिकामं काहीच नाही. माती आहे आणि डॉक्टर आहेत."

"म्हणजे नियम मोडला नाही?" गुडरुनच्या जिवात जीव आला.

"अजून नाही. डॉक्टर बाहेर आले की मोडेल."

"मग बाहेर काढलं की लगेच माती भरते."

"कुठली माती?"

गुडरुनने इकडेतिकडे पाहिले. मुखवट्याच्या आतून आवाज आला, "उरलेली शेजाऱ्यांना देऊन टाकली सकाळी. ढीग वाईट दिसत होता."

"बाहेरून माती आणायची तर समितीची परवानगी लागते," पोगल म्हणाले. "समिती उद्या अकराला बसते."

"तोवर पाण्याचं पिंप ठेवू?"

"ते तळं झालं. तळ्याचा अर्ज वेगळा."

आइलर्टचे यातल्या कशाकडेही लक्ष नव्हते. तो मातीला गाल लावून कड पाहत होता. "फट नाही, म्हणूनच अडकलास. मला उतरू दे आत. फट ठेवली की माणूस कसा लढतो, दाखवतोच तुला."

दहाचे भाषण वेंडेलिनच्या डोळ्यांपुढे आले. "उतर," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

तिघांनी मिळून त्याला ओढले. (पोगल म्हणाले, "ओढायला मनाई नाही, ओरडायला आहे.") बाटलीचे बूच निघावे तसा आवाज करून डॉक्टर बाहेर आले. बूट जमिनीतच राहिले आणि जाता जाता कडा ढासळून भोक चांगलेच रुंद झाले. पोगल यांचा 'खड्डा' हा शब्द पुरा होण्याआधी आइलर्टने आत उडी घेतली.

"बघ! वळता येतंय! इकडे वळ, तिकडे वळ!"

"वळ, वळ," वेंडेलिन पाठीमागचा हात सोडवून घेत म्हणाला. "सावकाश वळ. अकरापर्यंत तुला दुसरं काम नाही. माझं भाषण मात्र दहाला आहे."

आइलर्ट वळायचा थांबला.

गुडरुनला पहिल्यांदाच जरा बसावेसे वाटले. ती बाकाकडे निघाली, तोच मागे पान उलटल्याचा आवाज आला.

"कलम एकतीस," पोगल म्हणाले. "अंधार पडल्यावर पाहुण्याला हद्दीत थांबता येणार नाही. भाडेकरूला येईल."

तिघांनी वेंडेलिनकडे पाहिले. वेंडेलिनने गुडरुनकडे पाहिले. एका टोमॅटोचा दांडा काठीपासून सुटला होता, तो ती पुन्हा बांधत होती, आणि गाठ काही केल्या बसत नव्हती.

"क्लबाचं पुढच्या वर्षी पुन्हा बघू," वेंडेलिन म्हणाला. आइलर्ट वर चढला, वेंडेलिन कडेवर बसून आत सरकला. पाय थेट बुटांत जाऊन बसले.

"आइलर्ट, उद्या निदान खरं तेवढं सांग. कडेला फट नव्हती."

आइलर्ट प्रामाणिक माणूस होता. त्याने क्षणभर विचार केला.

"मी उभा होतो तेव्हा होती," तो म्हणाला आणि गुंडाळी काखेत मारून गेला.

तीन वाजले. पोगल समोरच्या आपल्या बागेत खुर्ची टाकून बसले, तोंड इकडेच करून. गुडरुनने आलुबुखाराच्या केकचा तुकडा आणि कॉफी जमिनीवर ठेवली. वेंडेलिनने खाल्ले.

"एवढं सगळं ज्यासाठी केलं, ते तरी एकदा करून बघू," अखेर ती म्हणाली आणि तिने मोजा उचलला. "मुखवटा घाल."

नवलकोल गरगरत आले. वेंडेलिन कमरेतून झर्रकन वळला आणि ते त्याच्या खांद्यावरून नुसतेच निघून गेले.

"वळलास," गुडरुन म्हणाली.

"छे. पाय घसरला."

"अरे, तुझे दोन्ही पाय जमिनीत आहेत."