गुळगुळीत अक्षरं आणि शेवंतीकाकूंची सुई

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या सोसायटीत माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो! कारण अख्ख्या सोसायटीत कॉम्प्युटर होता एक, आणि तो आमच्या घरी होता.

ही गोष्ट नव्याण्णव सालची. मीरा रोडच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये हा कॉम्प्युटर एकदम आला नाही, तुकड्यातुकड्यांनी आला. डबा एका दुकानातून, कीबोर्ड दुसऱ्या दुकानातून आणि मॉनिटर भाईंदरच्या एका जुन्या मालवाल्याकडून. "साब, एकदम मक्खन पिक्चर है!" असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. मॉनिटर समोरून चौदा इंची आणि मागे एवढा खोल, की त्याच्यासाठी टेबल भिंतीपासून पुढे ओढावं लागलं आणि सासूबाई आल्या की त्यांना कपाटाकडे आडवं होऊन जावं लागायचं.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांना नवाकोरा सतरा इंची मॉनिटर आला. मी फाइल द्यायला केबिनमध्ये गेलो आणि बघतच राहिलो. अक्षरं कशी? तर पुस्तकात छापल्यासारखी! आमच्या मॉनिटरवरच्या अक्षरांना म्हणे जिन्यासारख्या पायऱ्या होत्या. म्हणे, कारण मला त्या कधी दिसल्या नव्हत्या, पण सुचेता, म्हणजे आमची सौभाग्यवती, तसं म्हणायची. मी कॉम्प्युटरच्या मेकॅनिकला गाठलं. तो म्हणाला, "सोप्पंय. अक्षराच्या कडेला कॉम्प्युटर राखाडी ठिपके भरतो, म्हणजे पायऱ्या झाकल्या जातात. एका चौकोनात टिक करायची, बस!"

घरी आलो, बूटसुद्धा न काढता टिक केली, खुर्चीत मागे रेलून पाहिलं आणि ओरडलो, "सुचेता! ये, बघ! अक्षरं कशी लोण्यासारखी झालीत!"

सुचेता कणकेचे हात घेऊन आली. तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अहो, हे सगळं फासलंय."

"फासलं नाही, गुळगुळीत झालंय!"

"दुधावर साय धरल्यासारखं दिसतंय. आधी निदान वाचता तरी येत होतं."

"तुला सवय नाही उंची मालाची," मी म्हणालो. यावर ती काही न बोलता कणकेकडे परत गेली. ती असं काही न बोलता गेली की आपण जिंकलो, असा माझा तेव्हा समज होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझी मेहुणी नीलम आणि भाईंदर पश्चिमेचा स्वप्नील एकाच कॉम्प्युटर क्लासला जायचे. तिथे कीबोर्डवर बोटं चालवता चालवता दोघांचं जमलं. मुलगा सालस, चांगल्या नोकरीत. तरी पाहण्याचा कार्यक्रम रीतसर व्हायलाच हवा होता, कारण निकाल स्वप्नीलच्या हातात नव्हता. तो त्याच्या आईच्या, शेवंतीकाकूंच्या हातात होता.

आणि काकूंची एकच अट होती. सुनेचे डोळे चांगले हवेत!

त्यालाही कारण होतं. थोरल्या सुनेने चष्मा असल्याचं लपवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांना ती म्हणाली, "आज दूध अर्धा लिटर जास्त द्या हो भैया!" गुणवंतराव बिचारे देवळातून आले होते, हातात तीर्थाचा तांब्या होता. तेव्हापासून काकूंच्या पर्समध्ये एक सुई आणि दोऱ्याचं रीळ असतं. मुलगी पाहायला गेल्या की चहाच्या आधी सुई!

स्वप्नीलने हे नीलमला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ती रोज ऑफिसमधून आली की सुई ओवत बसायची. उजेडात, अंधारात, लाइट गेल्यावरसुद्धा. सुचेताला एकदा ती म्हणाली, "ताई, आईच्या मनाविरुद्ध तो जाणार नाही, आणि त्याने जावं असं मलाही वाटत नाही. पण हे फिसकटलं ना, तर मी पुन्हा कुणापुढे पोह्यांची बशी घेऊन जाणार नाही." हे ऐकलं आणि मी मनाशी ठरवलं, की या कार्यक्रमात आपल्याकडून काही कमी पडू द्यायचं नाही. माझं हेच चुकतं. माझ्याकडून कधीच काही कमी पडत नाही, जास्तच होतं!

कार्यक्रम आमच्या घरी. टँकरवाल्याच्या विनवण्या करून पाणी भरलं, सासूबाई सकाळपासून येऊन बसल्या, पोह्यांवर खोबरं पडलं. पाहुणे आले. काकू ठेंगण्या, नाकात चमकी, नजर अशी की भिंतीवरची पाल आपण होऊन मागे सरकावी. गुणवंतराव मवाळ. स्वप्नील मान खाली घालून, कारण पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाने तोंड उघडायचं नसतं आणि मुलीकडच्या माणसांना तर काही सुधारून सांगायचंच नसतं, अशी आईची सक्त ताकीद होती.

नीलम बाहेर आली. काकूंनी सुई काढली. नीलमने सुई धरली, दोरा ओठांत ओला केला आणि एका झटक्यात आरपार!

"वा गो वा!" काकूंचा चेहरा एकदम खुलला. गुणवंतरावांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले. सासूबाईंनी देवाच्या फोटोकडे पाहिलं. काकूंचा हात त्यांनीच आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याकडे गेला. पुड्याचा दोरा सुटत होता.

आणि मी म्हणालो, "थांबा!"

आजही मला कळत नाही, मी का थांबवलं. मागे कॉम्प्युटर होता, त्यावर मी स्वतः टाइप केलेला स्वागताचा मजकूर तयार होता आणि तो अजून कुणी पाहिलाच नव्हता.

"काकू, सुईची पद्धत जुनी झाली. आता जमाना कॉम्प्युटरचा! आमची नीलम स्क्रीनवरचं घडाघडा वाचते. नीलम, दाखव वाचून!"

सुचेताने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

मॉनिटर सुरू झाला. नीलम पुढे आली, थबकली. मग तिने डोळे बारीक केले. मग मान पुढे काढली. मग आणखी पुढे. शेवटी नाक काचेला टेकलं!

"भावोजी, हे जरा…"

"लाजू नकोस, वाच!"

"वर एक मोठी ओळ आहे. खाली चार लहान आहेत."

"ओळी मोजायला नाही सांगितल्या गं!"

पेढ्यांच्या पुड्याचा दोरा काकूंच्या बोटांत पुन्हा गुंडाळला जाऊ लागला.

"एवढंसं सुईचं भोक दिसलं आणि हे टपोरं अक्षर दिसत नाही?" काकू म्हणाल्या. "काय गो, सुईचा सराव करून आली होतीस काय?"

आता सराव तर केलाच होता! नीलम कानापर्यंत लाल झाली. आणि पाहण्याच्या कार्यक्रमात लाल होण्याचे दोनच अर्थ असतात, लाज किंवा लबाडी. काकूंनी दुसरा घेतला.

स्वप्नीलला राहवलं नाही. "आई, मलाही नीट दिसत नाहीये."

झालं! आता सासूबाई ताठ झाल्या. "म्हणजे? मुलाला दिसत नाही? हे आधी सांगायला नको होतं? आम्ही आमची मुलगी डोळ्यांत तेल घालून वाढवलीय!"

"माझ्या मुलाला दिसत नाही? तो घोडबंदरच्या नाक्यावर उभा राहून लांबच्या बसचा नंबर वाचतो!"

"मग इथे का नाही वाचत?"

"तुमची का नाही वाचत?"

"व्होल्टेज कमी असेल," गुणवंतराव समजुतीने म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून लावून पाहिला, मग काढून पाहिला. "मला दोन्हीकडून सारखंच दिसतंय. म्हणजे काहीच नाही."

"सरका सगळे!" काकू उठल्या. दिवा न लावता सुई ओवणारी ती बाई खुर्चीत बसली, पदर सावरला आणि स्क्रीनकडे पाहू लागली. पाहतच राहिली. तिचा तो करारी चेहरा हळूहळू पडत गेला.

"अहो," त्या गुणवंतरावांना म्हणाल्या, आणि आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, "माझ्या डोळ्यांपुढे ढग आलाय. आईला आला होता ना, तसाच. मोतीबिंदू!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या डोळ्यांचा जन्मभर अभिमान बाळगला तेच दगा देतायत असं वाटल्यावर माणसाने करायचं काय? नीलम खाली बसली आणि तिने काकूंचा हात धरला. पसंती, नापसंती सगळं विसरून म्हणाली, "काकू, रडायचं नाही. उद्या मी सुट्टी घेते, आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. मलाही दिसत नाहीये ना, मग एकत्रच दाखवू."

इथे मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण छे!

"मंडळी, घाबरू नका," मी खुर्चीमागे दोन हात लांब उभा राहून म्हणालो. "अक्षर आरशासारखं स्वच्छ आहे!" आणि मी पाचही ओळी घडाघडा वाचून दाखवल्या. टाइप मीच केल्या होत्या, त्यामुळे पाठच होत्या, पण ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. सगळे माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू खोलीत डोळस असा मी एकटाच! वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. मला तर क्षणभर वाटलं, आपण लंगडीही नाही.

काकूंनी डोळ्याला पदर लावला. ते पाहिलं आणि स्वप्नीलने आईची ताकीद मोडली. "माफ करा हं," असं मला म्हणत त्याने माऊस ओढला, दोनतीन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि ती टिक काढून टाकली.

"अगोबाई!"

काकू ताडकन सरळ बसल्या आणि वाचू लागल्या. "'पाहुणे मंडळींचे हार्दिक स्वागत!' पुढे उद्गारचिन्ह आहे! एक नाही, तीन आहेत!" नीलमने उरलेल्या ओळी वाचल्या. गुणवंतरावांनी चष्म्याशिवाय मोठी ओळ वाचली. सासूबाईंना तर कपाटाजवळून वाचता आलं.

"काही नाही, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सेटिंग चालू होती," स्वप्नील म्हणाला. "मोठ्या, नव्या मॉनिटरवर ठिपके बारीक असतात, तिथे छान दिसते ती. या जुन्याचे ठिपके आधीच जाड आणि पसरलेले. त्यात राखाडी भरलं की सगळं फासतं. आता थोड्या पायऱ्या दिसतात, पण अक्षर लख्ख आहे."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. सासूबाई हसल्या, काकू हसल्या. पेढ्यांचा पुडा पुन्हा मांडीवर आला. आणि मी स्क्रीनकडे पाहत मनापासून विचारलं,

"पण फरक काय पडला? आधीही असंच दिसत होतं की!"

सुचेता माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत असल्याचं मला दिसलं. पेपर मी हात लांब करून वाचतो, म्हणतो बातम्या लांबूनच बऱ्या. मी निवडलेल्या तांदळात खडे तसेच राहतात, ती म्हणते आळशी आहात. कोळंबीऐवजी मी एकदा आमसूल साफ करत बसलो होतो.

शेवंतीकाकूंनी पुडा बाजूला ठेवला. सावकाश पर्स उघडली.

"हरिश्चंद्रराव," त्या मला गोड आवाजात म्हणाल्या, "जरा ओवा बघू."

मी ओवायला घेतलं. दोरा डावीकडून गेला. दोरा उजवीकडून गेला. मी हात लांब केले, आणखी लांब केले, हात संपले. घाम फुटला. "दोराच जाड आहे," मी म्हणालो. "सुई हलतेय. वाऱ्याने."

शेवटी गुणवंतराव माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "सुई उलटी धरलीय तुम्ही. भोक दुसऱ्या टोकाला आहे."

नीलम तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. काकूंनी पुड्याचा दोरा एका हिसक्यात सोडला, पहिला पेढा सासूबाईंच्या हातावर ठेवला.

"मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही असं वाटलं तेव्हा तिने हात धरला. आता मला तिच्या डोळ्यांचं काही पाहायचं नाही. पण विहीणबाई, एक विचारू? हा थोरला जावई कुणी पाहून केला हो?"

उत्तर सुचेताने दिलं. "काकू, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

दुसऱ्याच दिवशी मला स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात नेण्यात आलं. दुकानदाराने माझे डोळे तपासले आणि सुचेताला विचारलं, "भाभीजी, ये इतने साल रस्ता क्रॉस कैसे करते थे?" ती म्हणाली, "मेरा हाथ पकड के." तसं काही नव्हतं, पण मी गप्प बसलो.

चष्मा लावून घरी आलो आणि कुणाचं लक्ष नसताना ती टिक पुन्हा करून पाहिली. खरोखर साय होती हो! लगेच काढून टाकली. मग सहज आरशासमोर गेलो. कानावर पांढरे केस, डोळ्यांखाली जाळी, गालावर पायऱ्या. इतकी वर्षं आरसा मला कडा गुळगुळीत करून दाखवत होता, आणि मी समजत होतो की आपण तरुण आहोत!

आरशाला टिक करायची सोय नसते. म्हणून दाढी मी अजूनही चष्मा काढूनच करतो. सुचेता म्हणते, त्यामुळेच ती अर्धी राहते.