समोरची बारी

"नेटवर सगळं फुकट मिळतं!"

हे वाक्य अभय घाडी दिवसातून किमान चारदा म्हणायचा. ऑफिसात म्हणायचा, सासुरवाडीला म्हणायचा, एकदा तर मयताला गेला असताना म्हणाला होता. लालबागच्या चाळीतून नव्या इमारतीत सतराव्या मजल्यावर बिऱ्हाड हलवायच्या दिवशीही हेच म्हणत त्याने अण्णांच्या कॅसेटींचं खोकं भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलं. खोक्यावर अण्णांनी खडूने लिहिलं होतं, 'हात लावू नये'. अभयने लावला.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, वसंतबुवा घाडी. पोटासाठी गिरणीत साचे सांभाळायचे आणि जिवासाठी डबलबारी गायचे. डबलबारी म्हणजे काय हे लालबागेत कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल तर सांगतो. दोन बुवा पेटी घेऊन समोरासमोर बसतात, पाठीला पखवाज, झांज, कोरस. देवाचं नाव घेऊन भजन सुरू होतं आणि अर्ध्या तासात दोघं एकमेकांची सालटी काढायला लागतात. एक बारी याची, एक बारी त्याची. पहिल्याने सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर पुढचं वर्षभर नळावर कोण उभं करत नाही! एक्क्याण्णव साली वसंतबुवा आणि शिवाबुवा मेस्त्री यांचा सामना झाला आणि त्याची कॅसेट निघाली. अण्णांच्या अख्ख्या जन्मात निघालेली ती एकच कॅसेट, आणि घरातली एकुलती एक प्रत त्या खोक्यात होती.

त्यानंतर सहा महिने अण्णा अभयशी बोलले नाहीत. ते रागाने. मग दिवाळीत झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता बोलत नव्हते ते नाइलाजाने. पण पलंगावर पडलेला बाप नुसता आढ्याकडे बघत असतो तेव्हा यातला राग किती आणि आजार किती, हे ओळखायचं कसं? अभयला काही केल्या ते कळेना. चांगला धडधाकट माणूस, पण त्या एका विचाराने आतून पोखरला गेला होता.

हॉस्पिटलातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं राहतं. यांचं स्वतःचं, पाठ असलेलं काही आहे का? ते ऐकवा. त्याच्यावर एखादा शब्द फुटला तर फुटला."

सुचित्रा, म्हणजे अभयची बहीण, शीवहून मुद्दाम आली होती. तिने भावाकडे पाहिलं. "ती कॅसेट असती तर..."

"कॅसेट कशाला हवी?" अभय छाती काढून म्हणाला. "आठ दिवसांत काढतो शोधून. आणि फुकट!"

त्या साइटचं नाव सांगत नाही, कारण ते दर महिन्याला बदलतं. उघडली की 'डाउनलोड' लिहिलेली सहा हिरवी बटणं दिसतात, त्यातली पाच खोटी. एक दाबलं की पोट कमी करायचं चूर्ण, दुसरं दाबलं की 'तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी पूजा तुमची वाट पाहते आहे'! (अभयने एकदा नोटीस बोर्डावरच्या यादीत बघून खात्री केली. पूजा नव्हती.) सहावं बटण खरं, पण त्याच्यामागे जे निघेल ते आपल्या नशिबाचं. मराठी नावं इंग्रजीत कशी लिहायची याबद्दल तिथे कुणाचंच कुणाशी पटलेलं नव्हतं. 'बुवा' शोधलं तर 'बुआ' निघाली, म्हणजे लग्नात आत्याबाईंना चिडवायची भोजपुरी गाणी, संपूर्ण अल्बम, बावीस गाणी. 'वसंत' शोधलं तर तीन तास सतार. 'महाभजन संग्रह' नावाचा अल्बम तेवढा आशेचा वाटला, पण त्यात दर अर्ध्या मिनिटाला एक माणूस विठ्ठलाच्या मध्येच ओरडायचा, "डीजे शिवा इन द हाऊस!"

बायको म्हणाली, "अहो, नको ते उडवून तरी टाका. फोन रोज 'जागा संपत आली' म्हणून बोंबलतोय."

"रुपाली, फुकट मिळालंय! उडवायचं कशाला? चाळीस अल्बममध्ये एखादं तरी चांगलं गाणं निघेलच की."

बापाचं खोकं दोन मिनिटांत भंगारात देणारा माणूस आत्याबाईंची बावीस गाणी जिवापाड जपत होता. आता याला काय म्हणाल!

एकदा तर गफलतीने अण्णांच्या उशाशी आत्याबाईच लागल्या. आई, म्हणजे रमाबाई, धावत आल्या. "अरे, डोळो हलवल्यानी! डावो डोळो!"

"आई, माशी बसली होती."

"माशी खंय बसता ता माका दिसता. डोळो हलवल्यानीच!"

बाराव्या दिवशी सापडलं. 'डबलबारी लालबाग १९९१'. कव्हरच्या फोटोत पेटीमागे बसलेले शिवाबुवा मेस्त्री आणि कडेला कुणाचा तरी नुसता खांदा. अभय म्हणाला, कव्हर नीट अपलोड झालं नसेल. पंचेचाळीस मिनिटं! त्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला.

"सुचे, काढला की नाही! फुकट!"

"ऐकलास का?"

"ऐकायचंय काय त्यात? आपल्याच बापाचा आवाज. पहिल्यांदा सगळे मिळून ऐकू, अण्णांसोबत. रविवारी दहाला ये."

रविवारी दहाला सगळे जमले. सुचित्रा आली. रुपालीने अण्णांना तक्क्याला टेकवून बसवलं, दाढी केली, बारीला घालायचा पांढरा सदरा चढवला. शेजारच्या इमारतीतून रघूकाका आले. अण्णांच्या कोरसमधले हे शेवटचे उरलेले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी टॉवेलात गुंडाळून झांज आणली होती. "बुवा काय, ओळखलात काय?" त्यांनी विचारलं. अण्णा आढ्याकडे बघत होते.

अभयने स्पीकर उशाशी ठेवला आणि फोनवर बोट टेकवलं.

पखवाज घुमला. पहिल्याच थापेला अण्णांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली. यावेळी माशी नव्हती. आईंनी तोंडाला पदर लावला. अभयने सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू पखवाज तोच वाजवत होता.

मग आवाज आला तो शिवाबुवांचा.

"पहिली बारी समोरच्यांची," अभय कुजबुजला. "आता येईल अण्णांची. थांबा."

थांबले. दहा मिनिटं शिवाबुवांनी देवाला आळवलं. मग वळले ते थेट वसंतबुवांवर! त्यांची पेटी बेसूर, त्यांचा पखवाजवाला झोपाळू, त्यांची टोपी भाड्याची. त्या वेळचे हजारएक लोक स्पीकरमधून खदाखदा हसत होते आणि या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"येईल आता," अभय म्हणाला. आणि चाळिसाव्या मिनिटाला शिवाबुवांनी आवाज चढवला:

बंद पडली गिरणी, पडला भोंगा गार,
वसंतबुवाचा आवाज गेला संपावर,
सांगा बुवा, सांगा, कामावर कधी येणार?

कोरसने ते सात वेळा म्हटलं. सांगा बुवा, सांगा! झांजांचा कल्लोळ झाला, टाळ्या पडल्या, आणि खट्. बंद.

"हो कोण मेलो बोंबलता?" आई म्हणाल्या. "आणि तेंचा गाणा खंय आसा?"

अभय फोन खालीवर करत राहिला. अल्बमच्या तळाशी, सहा हिरव्या बटणांच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आमच्या आजोबांची आठवण. जागा वाचवण्यासाठी समोरची बारी काढून टाकली आहे. मयूर मेस्त्री, माहीम.'

"तू ऐकलं नाहीस," सुचित्रा म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बोलता येत नाही त्या माणसाला तू त्याच्याच घरात, बारीचा सदरा चढवून, हे ऐकवलंस. आणि उत्तर होतं ते तू भंगारात दिलंस."

अभयला जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं, पण सतराव्या मजल्यावर ती सोय नव्हती. रघूकाका उठले. जड हातांनी ते झांज पुन्हा टॉवेलात गुंडाळायला लागले, आणि बोटांतून एक तबकडी निसटून दुसरीवर आपटली.

झण्ण!

अण्णांचा डावा हात वर गेला. बुवा कोरसला थांबवतो ना, तसा.

तोंड वाकडं झालं, घशात काहीतरी खरखरलं, आणि आढ्यावरची नजर खाली आणून वसंतबुवा घाडी गायला लागले:

"आलो बुवा, आलो, तिसऱ्या पाळीला आलो..."

रघूकाकांनी टॉवेल फेकून दिला. आई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. सुचित्राने आणि रुपालीने एकदमच फोन काढले, तसा अभय हातवारे करत पुढे आला.

"फोन खाली! दहा फोन, दहा आवाज, सगळं मिसळेल. एकच क्लीन रेकॉर्डिंग हवं. मी काढतो!"

दोघींनी फोन खाली ठेवले. या विषयातला जाणकार घरात तोच होता ना!

अण्णा गात होते. चांगली आठ मिनिटं गायले. अर्धे शब्द चावले जात होते, पण सूर हलत नव्हता. शिवाबुवांच्या एकेका टोमण्याचं उत्तर येत होतं, टोपीचं, पखवाजाचं, संपाचं. चौतीस वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं! रघूकाका रडत होते आणि झांज वाजवत होते. शेवटी अण्णांनी मान वळवून अभयकडे पाहिलं, डावी भुवई उडवली, आणि कॅसेटमध्ये कधीच नव्हतं ते कडवं घातलं:

खोकं गेलं भंगारात, बुवा राहिला घरात,
हात लावू नको म्हटलं तरी पोर घाली हात!

सगळे हसले. आई हसल्या, सुचित्रा हसली, आणि फोन उंच धरून उभा असलेला अभय हसता हसता ढसाढसा रडायला लागला. राग किती आणि आजार किती, याचं उत्तर त्याला भर बारीत मिळालं होतं. अण्णा थकून तक्क्यावर कलले आणि पुन्हा गप्प झाले, पण आता ते आढ्याकडे बघत नव्हते.

"लाव बघू," सुचित्रा डोळे पुसत म्हणाली. "परत ऐकू."

अभयने फोन आपल्याकडे फिरवला. पडद्यावर लिहिलं होतं: 'जागा संपली. रेकॉर्डिंग थांबवले आहे.' खाली आकडा होता, अकरा सेकंद.

सुचित्राने वाकून तो आकडा दोनदा वाचला. मग अभय घाईघाईने म्हणाला, "हरकत नाही, हरकत नाही! आता सूर लागलाय. परत गातील की!"

आत्याबाई, सतार, डीजे शिवा, सगळे चाळीस अल्बम त्याने एका मिनिटात उडवले. सोमवारी ऑफिसला दांडी मारून तो मोकळा फोन घेऊन पलंगापाशी बसला. रघूकाकांनी तीनदा झांज वाजवली. अण्णांनी त्याच्याकडे बघून भुवई उडवली, दोन घास जास्त खाल्ले, पण गायले नाहीत. मंगळवारी सकाळी दुसरा झटका आला आणि दुपारी ते गेले.

तेराव्यापर्यंत सगळे ती बारी आठवून लिहून काढायला बसत होते. रघूकाकांना फक्त कोरस आठवत होता. सुचित्राला पखवाजाचं उत्तर अर्धं आठवलं. खोक्याचं कडवं मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं.

तेरावा झाला आणि माहीमहून मयूर मेस्त्रीचा मेसेज आला. अभयने त्या रविवारी रागाच्या भरात साइटवर त्याला चार शिव्या लिहिल्या होत्या, त्याचं उत्तर. 'दादा, सॉरी. आजोबा सांगायचे, त्या दिवशी खरं तर वसंतबुवाच जिंकले. आमची कॅसेट आता तुटली. तुमच्याकडे समोरची बारी असेल तर पाठवा ना. अल्बम पूर्ण करून टाकू. सगळ्यांना फुकट ऐकता येईल.'

अभयने ते अकरा सेकंद उघडले आणि फोन कानाशी धरला. सुरुवातीला रघूकाकांची झांज. मागे लांबून, अगदी लांबून, 'आलो बुवा' असं काहीतरी. आणि त्याच्यावर, अगदी माइकला तोंड लावून, स्पष्ट, खणखणीत, स्वतः अभय घाडी:

"शूऽऽ! कुणी बोलू नका! मी रेकॉर्ड करतोय!"