एकोणपन्नासावी वायर

हेडक्लार्कांच्या टेबलावरचा फोन आठवडाभर खरखरत होता, आणि आपलं बोलणं कुणीतरी चोरून ऐकतंय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नव्हती. फोन बिघडतो, असं साधी माणसं म्हणतात. हेडक्लार्क साधे नव्हते. टेबलाच्या खणाला दिवसातून दहा वेळा कुलूप लावून तो दहा वेळा हिसडून बघणारे ते गृहस्थ होते. कुठल्याही मागणीपत्रात 'एक जादा' असं लिहिल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. खुर्च्या बारा लागणार असतील तर ते तेरा मागवत, कारण एक कुणीतरी पळवणारच.

त्यात दिवस नाजूक. साहेब या आठवड्यात त्यांचा गोपनीय अहवाल लिहिणार होते आणि बारा वर्षं अडलेली बढती त्या एका कागदावर लटकली होती. आणि रोज दुपारी एक वाजता, याच फोनवर, हेडक्लार्क आपल्या बायकोला साहेबांविषयी काय काय सांगत ते इथे न लिहिलेलंच बरं.

शेवटी वायरमनला बोलावणं गेलं. तो सावकाश माणूस होता. जिन्याखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट त्याने उघडलं, तर आत निळ्या वायरींचा हा एवढा जुडगा.

"सगळ्या टेबलांच्या वायरी छतावरून इथे येतात," तो म्हणाला. "दोन्ही टोकांना एकच नंबर, म्हणजे कोण कुठली ते कळतं."

"आणि इथे कुणी माझी वायर दुसरीला जोडली तर?"

"तर तिकडे ऐकू जाईल. पण असं कोण कशाला करेल?"

या प्रश्नाची हेडक्लार्कांकडे सात-आठ उत्तरं होती, नावांसकट. पण ती मनात ठेवून ते मोजायला बसले. टेबलांजवळच्या भिंतींवर फोन जोडायचे खोके अठ्ठेचाळीस. कपाटात वायरी एकोणपन्नास. पुन्हा मोजल्या, तरी एकोणपन्नास. शेवटचीला नंबरच नव्हता.

हेडक्लार्क तिसऱ्यांदा मोजायला वाकले. वायरमनने मात्र जांभई देऊन त्या बिननंबरीला एक डबी लावली. डबी वायरीत आवाज सोडते आणि हातातली कांडी भिंतीला धरली की वायर जिथून गेली असेल तिथे ती कुईकुई करते, असं त्याने समजावलं. मग दोघांची वरात निघाली. टायपिस्टबाईंच्या टेबलाजवळ कांडी मुकी राहिली. हेडक्लार्कांचा त्यांच्यावर जुना संशय होता, त्यामुळे त्यांचा जरा हिरमोडच झाला. कांडी पुढे सरकली, वळली, आणि साहेबांच्या खोलीच्या भिंतीशी येऊन बोंबलायला लागली.

"आत असणार दुसरं टोक," वायरमन म्हणाला. "बघून येतो."

हेडक्लार्कांनी त्याचा हात धरला. आधी माझा फोन बघ, मग दहा मिनिटांनी आत ये, असं त्याला कसंबसं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकलं होतं. आता एकच वाट उरली होती, अहवालावर सही व्हायच्या आत पाय धरायचे.

"साहेब, तुम्हाला सगळं ठाऊकच आहे," ते आत जाऊन म्हणाले. "तेव्हा मीच बोलतो."

साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. पण समोरचा असं सुरू करतो तेव्हा मध्ये बोलू नये, एवढं त्यांना खुर्चीने शिकवलं होतं. "बोला," ते म्हणाले.

मग हेडक्लार्क बोलले. साहेबांच्या चालण्याची नक्कल, त्यांच्या कवितांवरची टीका, आणि घरात त्यांना 'झाकण' म्हणतात हेही.

"झाकण का?"

"कुठलंही प्रकरण आलं की तुम्ही त्यावर झाकण ठेवता, म्हणून."

साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात वायरमन आला. त्याने कपाट सरकवलं आणि मागून धुळीने माखलेलं वेटोळं ओढून काढलं. टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

"मोकळीच आहे. पुढेमागे लागेल म्हणून टाकलेली," तो म्हणाला. "वायरी टाकल्या तेव्हाच्या आमच्या कागदावर लिहिलेलंच आहे. हे बघा, 'एक जादा.' खाली हेडक्लार्कसाहेबांचीच सही. आणि फोनचं म्हणाल तर वायर खणात चेमटत होती. ती काढून नीट बसवली."

हेडक्लार्कांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. धरणीला घाई नव्हती.

"तुमचा अहवाल मी परवाच पाठवला," साहेब म्हणाले. "चांगला लिहिलाय. आता परत मागवता येत नाही." मग ते वायरमनकडे वळले. "ही वायर मोकळी कशाला ठेवायची? यांच्या फोनला जोडून टाका."

ते गमतीने म्हणाले की मनापासून, हे विचारायची हेडक्लार्कांची छाती झाली नाही. बाहेर येऊन ते टेबलाशी बसले. एक वाजला आणि फोन आला. आवाज अगदी स्वच्छ होता.

"काय म्हणतंय आज झाकण?" बायकोने विचारलं.

"आमचे साहेब," हेडक्लार्क एकेक शब्द मोठ्याने उच्चारत म्हणाले, "म्हणजे देवमाणूस. आणि कविता तर काय सुंदर करतात."



"माफ करा," बायको म्हणाली, "राँग नंबर लागला वाटतं," आणि तिने फोन ठेवून दिला.