गुलाबी बाटलीतला रस

फ्लूक मासा पकडायला गळाला काय लावावं, या प्रश्नावरून माझ्या सासुरवाडीची माणसं ईस्टरपासून एकमेकांशी बोलत नव्हती. माणसं म्हणजे दोनच. एक माझे सासरे सॅव्हेरिओ, जे कमरेच्या ऑपरेशनपासून आमच्याकडेच राहतात. आणि दुसरा त्यांचा मुलगा नुन्झिओ, जो कालव्यापलीकडे राहतो आणि ज्याच्याकडे बोट आहे. (मीही त्याच घरातला, पण मला कुणी हिशेबात धरत नाही. मी पोलिश आहे आणि टाउन हॉलमध्ये कुत्र्यांचे परवाने देतो.)

सासऱ्यांचं म्हणणं असं की फ्लूक हा वाळूत चपटा होऊन दबा धरणारा मासा. त्याचे दोन्ही डोळे वरच्या अंगाला. म्हणजे तो बघून खाणार. तेव्हा त्याच्यासमोर किली, म्हणजे खाडीतली बोटाएवढी मासळी, जिवंत आणि वळवळणारीच नाचवली पाहिजे. नुन्झिओ म्हणतो, जिवंत किली सांभाळत बसायचे दिवस गेले. आता वासाच्या रसात मुरवलेल्या रबरी शेपट्या डबीत मिळतात, फ्लूक त्यांच्यामागे वेडा होऊन येतो. ईस्टरच्या जेवणात सासरे म्हणाले, "रबर खाणारा मासा मी ताटात घेणार नाही." नुन्झिओ कोकराचं मटण अर्धवट टाकून उठला, तो त्यानंतर आलाच नाही.

बायकोनं, रोझालीनं, यावर उपाय काढला. जूनमधल्या रविवारी आमच्या फ्रीपोर्टच्या धक्क्यावर फादर बोटींना आशीर्वाद देतात. तो सोहळा आटोपला की बाप-लेकानं एकाच बोटीतून मासे मारायला जायचं, आणि मी मध्ये बसायचं.

"आमिष तू आण," ती म्हणाली.

"कुठलं?"

"ते तू ठरव. एखादी गोष्ट तुलाही ठरवता आली पाहिजे."

मी ठरवलं, दोन्ही आणायची. (यालाच मी निर्णय म्हणतो.)

शनिवारी दुकानातून परत येताना रबरी शेपट्यांच्या डबीचं झाकण तडकलं. नुन्झिओनं फोनवर बजावून ठेवलं होतं, "खरी जादू रसात असते, लेनी. थेंब सांडू नकोस." म्हणून तळघरात गेलो, वॉशिंग मशीनवरच्या फळीवर कपडे मऊ करायच्या औषधाची गुलाबी बाटली रिकामी दिसली, ती विसळून रस तिच्यात ओतला आणि बाटली होती तिथे ठेवून दिली. तात्पुरती.

किलींचंही असंच झालं. सासऱ्यांनी सांगितलं होतं, "नळाच्या पाण्यात टाकायच्या नाहीत, मरतात. ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव." पण मासा पाण्याबाहेर बरा राहतो, हे माझ्या मनाला पटेना. मी त्यांना वरच्या बाथरूममध्ये टबात सोडलं आणि नळ उघडला. थोड्या वेळानं पाहतो तर काही किली कुशीवर पडून पोहत होत्या. मी दाराला आतून कडी घातली आणि त्यांना गाळणीनं बादलीत भरू लागलो. दोघी-तिघी टबाबाहेर उडाल्या.

तेवढ्यात दारावर काठी वाजली.

"लेनी, दार उघड. मला जायचंय."

"दोन मिनिटं, पपा. अंघोळ करतोय."

"माझ्या वयात दोन मिनिटं नसतात. आणि अंघोळ करणारा माणूस धावतो कशाला? पावलं ऐकू येतायत."

"पाय घसरला."

"मग 'जा ग बाई, बादलीत जा' हे कुणाला म्हणालास?"

त्याच वेळी तळघरातून रोझालीचा आवाज आला. "लेनी, गुलाबी बाटलीत आहे ते वापरू ना?"

एका हातात किली, दुसऱ्या हातात गाळणी, दाराबाहेर सासरा. तिनं वर येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

"वापर, वापर," मी ओरडलो.

"किती टाकू? झगे खूप आहेत."

"सगळं टाक."

निम्म्या किली वाचल्या. त्यांना शेवाळात गुंडाळलं, सासऱ्यांना आत सोडलं (ते टबाकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, शेवाळ लावून अंघोळ करता होय?"), आणि मगच मला प्रश्न पडला: कसले झगे?

झगे चर्चच्या गायनवृंदाचे होते. सोहळ्यासाठी ते धुऊन, इस्त्री करून द्यायचं काम रोझालीनं आपणहून घेतलं होतं. मी गेलो तेव्हा ती इस्त्री फिरवत गुणगुणत होती. गरम इस्त्रीखालून ओहोटीच्या वेळच्या खाडीसारखा दर्प उठत होता. तिला त्याचा पत्ता नव्हता. जूनमध्ये फुलांच्या परागांनी तिचं नाक महिनाभर बंद असतं.

"रोझाली," मी म्हणालो, "त्या बाटलीबद्दल..."

"या वर्षी मधलं कडवं मी एकटी गाणार आहे, लेनी. इतक्या वर्षांनी दिलंय मला. काही बिघडायला नको."

"काही बिघडणार नाही," मी म्हणालो, आणि रात्रभर त्या वाक्याकडे डोळे उघडे ठेवून पाहत पडलो.

सकाळी धक्क्यावर सगळ्यांनी झगे चढवले. धक्क्यावर मासळीचा वास आला तर कोण तक्रार करणार? प्रत्येक जण शेजारच्या बोटीकडे पाहत होता. फादर किल्ब्राइड पवित्र पाणी शिंपडत पुढे निघाले. सासरे एका टोकाला, नुन्झिओ दुसऱ्या टोकाला. ऊन चढलं, झगे तापले, वारा समुद्राकडे वळला.

रोझाली एक पाऊल पुढे आली आणि गाऊ लागली. खरंच सांगतो, सुंदर गात होती. मला वाटलं, निभावलं.

पहिला सीगल मागच्या रांगेतल्या, टॅक्स ऑफिसातल्या मिस्टर प्रेंडरगास्टच्या खांद्यावर उतरला. त्यांनी त्याला आदबीनं ढकललं. दुसरा त्यांच्या बाहीला लोंबकळला. मग कालव्यावरचे, मासळीबाजारावरचे, शाळेच्या छपरावरचे, असतील नसतील तेवढे सीगल आले. वृंद फुटला. बायका झगे डोक्यावर घेऊन जवळच्या बोटीत शिरल्या आणि सगळ्यांनी मिळून केबिनचं दार ओढून घेतलं. फादरांनी सढळ हातानं पाणी शिंपडलं, पण त्यामुळे फक्त सीगलांना आशीर्वाद मिळाला.

रोझाली मात्र हलली नाही. डोक्यावर एक, दोन्ही खांद्यांवर एकेक आणि झग्याची किनार ओढणारे चार-पाच, अशा अवस्थेत तिनं कडवं शेवटपर्यंत गायलं. मग माझ्याकडे पाहिलं. नाक बंद असलं तरी तिचं डोकं चालू असतं.

दोन्ही टोकांकडून एकाच वेळी हसण्याचा आवाज आला. सासरे काठी टेकत आणि नुन्झिओ डोळे पुसत एकमेकांकडे येत होते.

"बघितलंस, पपा?" नुन्झिओ म्हणाला. "वास ओळखला मी. रसात दम असतो."

"सीगल म्हणजे फ्लूक नाही, गाढवा. सीगल टोपीही खातो."

"मग चल, दाखवतो."

"चल. किली माझ्याकडे आहेत. जावयानं निम्म्या ठेवल्यात."

आणि बाप-लेक बोटीत बसून निघून गेले. मला कुणी बोलावलं नाही. मी सगळे झगे गाडीत भरले आणि दिवसभर अंगणात पाइपखाली व्हिनेगरनं धूत बसलो. संध्याकाळी ते परतले, तर परातीत मावेना एवढा फ्लूक घेऊन. किली आणि रबरी शेपटी दोन्ही एकाच गळाला लावली होती. आता भांडण होतं ते मासा कुणाच्या आमिषाला भुलला याचं. पण भांडताना ते एकाच बाकावर बसले होते, आणि रोझालीनं दोघांना वाढलं. मलाही वाढलं. वाढताना बोलली नाही, एवढंच.

ती बोलायला लागली त्याच आठवड्यात फादर किल्ब्राइड घरी आले. मी माफी मागायला उभा राहिलो. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले की त्या दिवशी धक्क्यावर लोकांनी चर्चसाठी कधी नव्हे एवढ्या उत्साहानं टाळ्या वाजवल्या, आणि वृंदानं एकमतानं ठरवलंय की पुढच्या वर्षी मलाही वृंदात घ्यायचं.

माझा ऊर भरून आला. मी म्हणालो, "पण फादर, मला सूर नाही."

"सुराची गरज नाही," फादर म्हणाले. "एका झग्याचा वास काही केल्या जात नाहीये. तो घालून तू धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभा राहा, म्हणजे रोझालीला शांतपणे गाता येईल."

मी रोझालीकडे पाहिलं. ती आधीच टेप घेऊन माझ्या खांद्यांचं माप घेत होती.