गिरणीतली बी.ए.

अभ्यासाला लोक शांत जागा शोधतात. आमची रेखा गोंगाट शोधते. उंद्रीत माझी पिठाची गिरणी आहे. पट्टा सुरू झाला की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, निम्मं गाव माझ्याशी हातवाऱ्यांनीच बोलतं. अशा ठिकाणी ज्वारीच्या पोत्यावर बसून ही छत्तीस वर्षांची बाई राज्यशास्त्र वाचते. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, पुस्तकावर पीठ. चिखलीच्या कॉलेजातल्या मॅडमनी एकदा तिचं पुस्तक झटकलं आणि सगळा तास शिंकण्यात गेला.

मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "काऊन वं पोरी, घरी नाई वाचत?"

"घरी मिटिंग असते, काकू. गिरणीत मेंबरायचा आवाज येत नाई."

हे मेंबर कोण, ते कळायला मला महिना गेला, तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. रेखाला डोक्यात आवाज ऐकू येतात. तो आजार आहे, त्याला भलंमोठं नाव आहे, सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र आहे आणि त्यावर तिला निराधारचं अनुदान मिळतं. पण आजार हा शब्द तिच्या तोंडी येत नाही. तिचे बाबा ग्रामपंचायतीत शिपाई. आई लवकर गेली, म्हणून पोर सभेच्या सतरंजीच्या कोपऱ्यावरच वाढली. सगळे एकदम बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, एक जण नुसता खोकतो, एक जण उठसूट "चौकशी झाली पाह्यजे" म्हणतो, हे तिने तिथे रोज पाहिलं. पुढे कॉलेजच्या पहिल्याच वर्षी डोक्यात तसंच सुरू झालं आणि शिक्षण सुटलं. घरचे अंगारे-धुपारे करत फिरले. ही म्हणाली, हे तर मेंबर आहेत, यांची सभा मी चालवते.

आणि चालवते हो. बाबा गेले, गोळ्या सुरू झाल्या, डोकं जरा ताळ्यावर आलं, तशी बाई पुन्हा कॉलेजात दाखल. पोराटोरांच्या वर्गात, पहिल्या बाकावर.

"विषय तहकूब" हे तिचं ठेवणीतलं वाक्य. एसटीत, रस्त्यात, कुठेही म्हणते. नवीन कंडक्टर दचकतो, जुना फक्त पास बघतो. परीक्षेत एकदा मेंबरांनी फारच कालवा केला. ही बाकावरून उठली आणि खड्या आवाजात म्हणाली, "सभासदांनी शांतता राखावी." सगळा हॉल गप्प. पर्यवेक्षकसुद्धा हातातला चहा ठेवून सरळ उभे राहिले. ही खाली बसली आणि लिहायला लागली. पासही झाली, चांगल्या मार्कांनी.

हसण्यावारी नेते आहे, पण मी पाहिलेलं आहे. लाइट गेली की गिरणी बंद पडते. रेखा पुस्तक मिटते, भिंतीला टेकते, डोळे मिटून घेते. ओठ हलत राहतात. कपाळावरच्या पिठात घामाच्या रेघा उतरतात. तेव्हा मी दळणाला आलेल्या बायकांनाही डोळ्यांनीच दटावते. लाइट आली की ती डोळे उघडून म्हणते, "झालं एकदाचं," आणि सोडलं होतं तेच पान काढते.

मागच्या वर्षी सभा तिच्या हातून गेली. बुलढाण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आली ती अर्धी होऊन, जीभ जड, हाताला थरथर. मला वाटलं, संपलं आता शिक्षण. दुसऱ्या दिवशी बाई पोत्यावर हजर. एक पान वाचायला तिला अख्खी दुपार लागली. नवऱ्यामागे एकटीने गिरणी चालवली म्हणून गाव मला धीराची बाई म्हणतं. कसला धीर अन् काय. त्या दुपारी तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, चहा पाजला.

तर अशा बाईच्या अनुदानावर गुलाबरावाची नजर गेली. हा आमचा गावकरी, प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायची हा त्याचा धंदा. ग्रामसभेत उठला आणि म्हणाला, "येडी असंल तं कॉलेजात कशी जाते? अन् कॉलेजात जात असंल तं येडी कशी? बंद करा तिची निराधारची पगार. तसा ठराव तहसीलले पाठवा."

लोक माना डोलवायला लागले. रेखा भावाच्या घरामागच्या खोलीत राहते, दोन घास भाऊ देतो. पण डॉक्टरकडे जाणं, औषधं, पुस्तकं, चिखलीचा पास, सगळं त्या अनुदानातून. ते थांबलं तर आधी कॉलेज सुटणार आणि मग गोळ्या.

रेखा बायकांमध्ये मागे बसली होती. ती उठली. मला वाटलं, आता रडते.

"अध्यक्ष महोदय, हा विषय पत्रिकेवर नाई. ऐनवेळचा असंल तं सूचक कोण, अनुमोदक कोण, नावं लिहा."

ग्रामसेवकाने मुकाट्याने पेन काढलं.

"सूचक मी," गुलाबराव म्हणाला.

"अनुमोदक?"

आता कोण बोलतो. डोललेल्या माना खाली गेल्या. कागदावर नाव कोणालाच नको होतं.

"ठराव पडला," रेखा म्हणाली. "अन् गुलाबरावभाऊ, तुम्हाले शुगर हाय. गोळी खाऊन लग्नात जेवता नं? मीबी गोळी खाऊनच कॉलेजात जाते."

हसू फुटलं. ती हसली नाही.

"आता माझा ठराव. आजारी माणसाले शिकाची मनाई नाई. सूचक मी. अनुमोदक?"

पुन्हा सगळं चिडीचूप. तिची नजर सगळ्यांवरून फिरली आणि खाली गेली, जणू तिला हे ठाऊकच होतं. मला ते बघवेना. मी हात वर केला. पिठाचाच हात, धुवायचा राहिलेला. "लिहा माझं नाव," मी म्हटलं. मग इकडून तिकडून आणखी हात वर आले. ठराव मंजूर झाला, आणि गुलाबरावाची तक्रार गावातच राहिली.

परत येताना रेखा गिरणीजवळ थांबून म्हणाली, "काकू, बाबा गेल्यापासून मी रोज सकाळी सभेत एक ठराव मांडते. सूचक मीच. अनुमोदक कोणी भेटत नाई. ठराव रोज पडते."

"मंग वं?"

"मंग तसाच राबवते."

"कोणता ठराव?"

"हाच, का रेखानं आज उठावं."

मी गिरणी सुरू केली आणि ती पोत्यावर जाऊन बसली.

आता रोज सकाळी कॉलेजची एसटी धरायला जाताना ती माझ्या दारात क्षणभर थांबते. पट्टा चालू असतो, बोललेलं काही ऐकू येत नाही. मी हात वर करते. ती बघते आणि स्टँडकडे जाते.